प्रामाणिक घड्याळ

४ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस आणि मला हल्ली डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तरही पत्रानेच हवं. लेखी दिलेलं नंतर, मी असं म्हणालोच नव्हतो, म्हणून उडवता येत नाही. इतकी वर्षं शाळा चालवून मी एवढं तरी शिकले.

शुश्रूषागृहात बाबांची खोली बदलली. आता खिडकी अंगणाकडे आहे, पण ते पाठ करून बसतात. भरवलं तर जेवतात. ते मला ओळखतात असं मी परवापर्यंत धरून चालले होते. परवा त्यांनी अगदी अदबीने विचारलं की बाई, तुमची ड्यूटी कधी संपते. मी सहाला म्हणून सांगितलं. उगाच वाद कशाला घालायचा?

आता कामाचं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटाच्या कडेवर सारखा फिरत असतो, एकाच जागी. कातडी लाल झाली आहे. परिचारिका मलम लावून पट्टी बांधते, ते पट्टी सोडून पुन्हा चोळायला लागतात. आणि माझं घड्याळ कुठे आहे, असं विचारतात. घराची चौकशी नाही, आईची नाही, तुझी-माझी तर नाहीच. घड्याळाची मात्र रोज आहे. त्या माणसाने स्वतःची म्हणून ओळखलेली एवढी एकच गोष्ट उरली आहे, खटपट्या. डॉक्टर म्हणाले की ओळखीची वस्तू अंगावर असली तर माणूस थोडा ठिकाणावर राहतो. थोडा म्हणजे किती, ते काही बोलले नाहीत.

त्यांना इथे आणलं तेव्हा किमती वस्तू ठेवू नका म्हणाले होते, म्हणून मी ते घड्याळ तुझ्या स्वाधीन केलं. तुला घड्याळातलं कळतं, एवढा एकच निकष लावला. आता मुख्य परिचारिकेची परवानगी काढली आहे. या महिन्यात कधीही ये, पण घड्याळ घेऊन ये.

लोभ आहे, तो वाढवायचा असेल तर लवकर ये.
ताई


१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून पोस्टमननेही पाठ ताठ केली असावी. बाबांचं वाचून वाईट वाटलं. मला कधी ओळखतील न ओळखतील, पण तुलाही बाई म्हणाले, म्हणजे आता हजेरीपटावर तुझ्याही नावापुढे फुली पडली. रागावू नकोस. मला दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी असंच बोलतो, हे तुला माहीत आहे.

घड्याळ कारागिराकडे सर्व्हिसिंगला टाकलं आहे. आतलं तेल सुकलं होतं. एक चाक झिजलंय, ते लांबून मागवावं लागतं. थोडा धीर धर.

तू मला हातातल्या घड्याळांचा भंगारवाला म्हणतेस, त्यावर मी कधी बोललो नाही. आज बोलतो. आमचं मंडळ कॉफीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमतं. टेबलावर मऊ कापड अंथरायचं, त्यावर आपापली घड्याळं मांडायची आणि डोळ्याला भिंग लावून एकमेकांच्या मालाला नावं ठेवायची. घेणं-देणं, अदलाबदल, रुसवेफुगवे, सगळं तिथेच. दुकानातलं नवं कोरं घड्याळ कुणीही आणेल, त्याला आमच्यात कुणी विचारत नाही. पण जुनं भारी घड्याळ असावं, त्याचं पोलादी अंग कुणी कधी घासून चकचकीत केलेलं नसावं, काटे मूळचे, तबकडी मूळची आणि ओरखडे जिथे पडले तिथेच. अशा घड्याळाला आम्ही ‘प्रामाणिक’ म्हणतो. एकदा पॉलिश मारलं की कडा गोल होतात, धातू जातो आणि गेलेला धातू परत येत नाही.

बाबांचं घड्याळ तसं होतं. वायरलेस अधिकारी म्हणून पहिल्याच जहाजावर चढले आणि पहिली सफर संपल्यावर बंदरात उतरून ते घेतलं. नंतर वादळात लोखंडी दरवाजा हातावर आपटला, मनगट वाचलं आणि घड्याळाच्या खालच्या डाव्या कडेला तो खोल खड्डा पडला. बाकी कशाला धक्का नाही. आमच्यातले एक दातांचे डॉक्टर तर त्या खड्ड्यात भिंग घालून बसले होते, जणू दाढच तपासताहेत.

चाक आलं की कळवतो. माया असू द्यावी, खडू फेकून मारू नये.
तुझा,
खटपट्या


१९ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी व्याकरण शिकवलं आहे. तुझ्या पत्रात कारागीर ‘आहे’, चाक ‘मागवावं लागतं’, मंडळ ‘जमतं’. बाबांचं घड्याळ तेवढं ‘होतं’.

ते कुणाकडे आहे?

आणि दातांचे डॉक्टर ते बघत ‘बसले होते’ ते कशासाठी, हेही लिही. आडपडदा न ठेवता लिही. घड्याळाला प्रामाणिक म्हणणारी माणसं स्वतः कशी असतात, ते मला बघायचं आहे.

लोभाचं मी उत्तर वाचून ठरवीन.
ताई


२७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ओळखलंसच. तीन पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो आहे.

घड्याळ दातांच्या डॉक्टरांकडे आहे. गेल्या हिवाळ्यात मी ते त्यांना दिलं आणि त्यांचं एक घेतलं. त्यांचं ते घड्याळ मी वर्षानुवर्षं शोधत होतो. असं बाजारात पुन्हा येईल की नाही, सांगता येत नव्हतं. बदल्यात काय देणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे त्यांना भुरळ पडेल अशी एकच वस्तू होती. आमच्यात म्हणतात की घड्याळ विकलं जात नाही, नुसतं फिरतं. मीही मनाशी म्हटलं की फिरून येईल. बाबा विचारणार नाहीत असं वाटलं. ते कशाचंच विचारत नव्हते.

मंडळात मांडताना मी कागदावर लिहिलं होतं: एकाच मालकाचं, प्रामाणिक. ते खरंच होतं. मालक मी नव्हतो, एवढंच लिहायचं राहिलं.

तुझं पत्र आल्यावर त्यांच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या आणि मी दारात उभा राहून घड्याळ मागत होतो. ते म्हणाले की असा खड्डा पुन्हा मिळायचा नाही, ते सोडवत नाही. वडील आजारी आहेत म्हटलं, तर त्यांनी मनापासून चौकशी केली, औषधं विचारली, पण घड्याळ नाही म्हणाले. वाईट माणूस नाही, ताई. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि हेच मला रात्रंदिवस खातं आहे.

आणतो. कसं ते विचारू नकोस. काही दिवस दे.

मोठ्यांनी लहानांवर माया ठेवायची असते, या भरवशावर,
खटपट्या


३ जुलै

चि. खटपट्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण सवय म्हणून लिहिते.

बाबांनी काल एका आयेचा हात धरून तिच्या मनगटावर घड्याळ शोधलं. ती घाबरली. त्यांना दिवसा खोलीत बसवून ठेवायचं म्हणतात. मी नको म्हणून सांगितलं आहे, पण माझं किती दिवस ऐकतील?

तुझा पश्चात्ताप तुझ्याकडे ठेव. मला घड्याळ पाठव.
ताई


२५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आलं! ताई, घड्याळ परत आलं.

दातांच्या डॉक्टरांना त्यांचं घड्याळ परत दिलं आणि त्यावर माझी उरलेली सगळी दिली; तुझी भावजय लग्नात ज्याच्याकडे बघून हसली होती ते माझं पहिलंवहिलंही दिलं. माझ्या पेटीत आता नुसत्या खाचा उरल्या आहेत. पण परवा रात्री शांत झोप लागली. मंडळात जाणंही बंद करतो आहे. तिथे जायला बरोबर काहीतरी लागतं, आणि आता माझ्याकडे काही नाही.

आता गंमत ऐक. हे घड्याळ आता बाजारात जायचं नाही, कुणी त्याला भिंग लावायचं नाही. म्हणजे आमचे नियमही त्याला लागू नाहीत. हे लक्षात आलं आणि इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! मी ते कारागिराकडे नेलं (या वेळी खरंच नेलं) आणि सांगितलं की बाबांनी ते बंदरातल्या दुकानात पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा होतं तसं दिसलं पाहिजे. त्याने नवी काच बसवली, अंग आरशासारखं घासलं आणि त्या खड्ड्यात धातू भरून कड अशी सपाट केली की मला भिंगातूनही खड्ड्याची जागा सापडली नाही. कारागीर स्वतःच्याच कामावर इतका खूश झाला की उठून दोनदा उजेडात धरून आला. मंडळात हे कळलं तर मला वाळीत टाकतील. टाकू देत. ते बाबांना एखाद्या जखमेसारखं परत द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

विमा उतरवून पार्सल करतो आहे. मी स्वतः यायला हवं होतं, पण बाबांनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं, तर मी काय करू? तूच घाल त्यांच्या हातात. आणि ते काय म्हणाले, ते शब्दन् शब्द लिही.

पूर्वीचा लोभ परत मिळावा, ही विनंती.
तुझा,
खटपट्या


९ ऑगस्ट

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

शब्दन् शब्द मागितलास, म्हणून लिहिते.

पार्सल उघडलं तेव्हा मलाही ते आवडलं. इतकं लखलखीत होतं की आरशात बघावं तसं मी त्यात माझं कुंकू नीट केलं. तुझ्याबद्दल बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

बाबा खुर्चीत होते. मी ते त्यांच्या मनगटावर बांधलं. त्यांनी हात कानाशी नेला, टिकटिक ऐकली, मग वेळ वाचून मोठ्याने सांगितली, बरोबर सांगितली. परिचारिकेने टाळी वाजवली. त्यानंतर त्यांचा अंगठा खालच्या डाव्या कडेवर गेला. गेला, आला, पुन्हा गेला. काहीतरी शोधत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने मी त्या अंगठ्याकडे बघत होते आणि खाज म्हणून मलम लावून घेत होते. तुला खड्डा ठाऊक होता, मला अंगठा. एकमेकांना लिहिलंही होतं.

थोड्या वेळाने त्यांनी पट्टा स्वतःच सोडला. बोटांना ती खटकी पाठ होती. घड्याळ माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी वरून माझी मूठ मिटली आणि म्हणाले की छान घड्याळ आहे, कुणाचं तरी हरवलेलं दिसतं, कार्यालयात जमा करा. मी सांगितलं की बाबा, हे तुमचंच आहे. तर त्यांचा चेहरा कडक झाला. तुला आठवतो तसा. म्हणाले की बाई, दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची सवय आम्हाला नाही.

तू आता म्हणशील की फोटो आहेत, त्याबरहुकूम खड्डा पुन्हा पाडून घेतो. ते करू नकोस. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या घड्याळाचं नावच काढलेलं नाही. अंगठाही थांबला. हात मांडीवर नुसते पडून असतात. कातडी बरी झाली, परिचारिकेला समाधान वाटतं. आया पुन्हा त्यांच्या जवळ बसते. आता कुणाला त्यांचा काही त्रास नाही.

घड्याळ माझ्या कपाटात आहे. त्याला रोज चावी द्यावी लागते म्हणतात. मी देत नाही.

मी भेटायला गेले की मात्र ते एक गोष्ट न चुकता विचारतात. माझी ओळख त्यांना तेवढीच आहे, घड्याळ जमा करून घेणारी बाई. विचारतात की मालक सापडला का. मी म्हणते, अजून नाही. मग ते खिडकीकडे बघत म्हणतात की शोधत असेल बिचारा.

येऊन जा. ओळखणार नाहीत, पण ये.

लोभ आहे तसा आहे. त्याला आता हात लावू नकोस.
ताई