बहिणीचे डबे बंद करण्याबाबत

चि. सौ. सत्यशीला हिला थोरला भाऊ राधाकिसन याचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. तातेरावदाजींना रामराम. इकडं मळ्यातली माणसं, जनावरं अन् मोसंबीची झाडं सगळी ठीक आहेत. तुझी तब्येत कशी आहे हे पत्रात विचारायची रीत आहे, पण तू जालन्याहून डायलिसिस करून परतूरच्या गाडीत बसलीस की दाजींचा फोन आधी मला येतो, त्यामुळं ते मला माहीत असतं. पायावरची सूज उतरली हे कळलं. पाणी मोजूनच पी. (तुला पाणी मोजून अन् मला भाकरी मोजून. एका आईच्या पोटी आलो अन् दोघांच्या मागं मापच लागलं.)

हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस. मी 'वजन' म्हणलं की तू म्हणतेस दारात कुणीतरी आलं. इतकी माणसं रोज दारात येत असती तर दाजींनी केव्हाच हॉटेल टाकलं असतं. म्हणून लिहून राह्यलो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, बाकीचं पुड्यांचे कागद अन् शिळे पेपर वाचून झालेलं, तेव्हा चूकभूल सांभाळून घे. पण पत्र पुरतं वाच, खालच्या ताजा कलमासकट.

गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, म्हणजे कुठं काय अडलं ते बराबर समजंल. तुझ्या दोन्ही किडन्या थकल्या. माझ्या दोन्ही ठणठणीत निघाल्या. रक्त जुळलं, आतलं जे काय जुळावं लागतं तेही जुळलं. संभाजीनगरच्या डॉक्टरसाहेबांनी सगळे कागद पाहिले, मंग चष्मा काढून माझ्या पोटाकडं पाहिलं अन् म्हणाले, "दादा, किडनी चांगली आहे, पण तिच्याभोवती सामान फार आहे." एक्क्याण्णव किलोच्या माणसाला मी टेबलावर घेणार न्हाई, ऐंशीच्या आत या, मंग तारीख देतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तू अन् तुझं बरं होणं, ह्या दोघांच्या मधी एकटं माझं पोट उरलं. ज्या पोटाकडं बघून लोक जन्मभर 'खातंपितं घर' म्हणत आले, ते असं आडवं येईल असं मला वाटलं न्हव्हतं.

तिथल्या आहारवाल्या मॅडमनी कमी खाण्याचं जे काय सांगितलं, त्यातल्या निम्म्या वस्तू बदनापूरच्या बाजारात मागितल्या असत्या तर भाजीवाल्यानं मला उन्हातून सावलीत बसवलं असतं. मी म्हणलं, त्यात काय एवढं, खायचंच न्हाई. पहिला दिवस नुसत्या काकडीवर काढला. दिवेलागणीला गोठ्यात गेल्तो, तर बैलापुढच्या सरकीच्या पेंडीचा वास इतका गोड लागला की मी हात मागं बांधून बाहेर आलो. (बैल माझ्याकडं बघून राह्यला होता. त्याला समजलं असावं.) हे आमच्या सूनबाईला, प्रियदर्शनीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, उपाशी राहून वजन उतरत न्हाई, घरातल्या माणसांवरचा राग वाढतो. पोटभर खायचं, पण मी वाढीन ते." तेव्हापासून मी तिच्या ताब्यात आहे.

अन् सत्या, खोटं कशाला सांगू, इतकं चांगलं मी लग्नकार्यात खाल्लं नसंल. सकाळी मुगाची दोन धिरडी, आत शेपू नाहीतर मेथी बारीक चिरून, तव्याला तेलाचं नुसतं बोट फिरवलेलं. दुपारी भाकरी एकच, पण भाजी ताटभर. कधी तांदुळजा, कधी अंबाडी, कधी करडईचा कोवळा पाला, लसूण-मिरची ठेचून वाफेवर शिजवलेला. वांगं चुलीत भाजायचं, त्यात कांदा, कोथिंबीर अन् दही कालवायचं. तेलाचा थेंब न्हाई, तरी आपण बोटं चाटतो. चार वाजता मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळून, न्हाईतर जोंधळ्याच्या लाह्या. संध्याकाळी हुलग्याचं गरम कढण वाटीभर, संगं दोडक्याच्या शिरांची चटणी, अन् वर तांब्याभर पातळ ताक. ती म्हणते जे चावायला वेळ लागतो ते पोटात जास्त वेळ राहतं, अन् एकच भाजी रोज आली की माणूस चोरून खातो, म्हणून रोज येगळं. जेवण मात्र नातवाच्या ताटलीत देते, जिच्यात हत्तीचं चित्र आहे. ताटली छोटी असली की भरल्यासारखी दिसते ही तिची युक्ती मला समजते, पण माझ्या पोटाला समजत न्हाई, म्हणून चाललं. भाजी संपली की हत्ती दिसतो अन् मी उठतो.

वजन करायला मी बदनापुरात मोसंबीच्या आडतीवर जातो. घरी काटा आणला होता, पण त्यावर उभं राहिलं की आकडा पोटाआड जायचा. आडतीवरचा मापाडी आपला जुना माणूस. पहिल्यांदा काट्यावर चढलो तर म्हणाला, "दादा, कडता धरू का?" (मालात ओल असते, पालापाचोळा असतो, म्हणून वजनातून दोन-तीन किलो कापतात तो कडता. ह्या कडत्यावरून मी ह्याच माणसाशी गेली वीस वर्षं भांडत आलो. त्या दिवशी मीच म्हणलं, धर बाबा, चांगला पाच किलो धर.) पण माणूस इमानी, कडता धरला न्हाई. तरी महिन्या-दीड महिन्यात काटा शहाऐंशीवर आला. घरात सगळ्यांना हुरूप आला. मी तर साहेबांना फोन लावायला निघाल्तो.

मंग अंकुशनगरला चुलत्यांच्या नातीचं लग्न निघालं. पंगतीत बसलो तेव्हाच वाढप्याला सांगितलं, बाबा, मला नको. त्यानं दोन पळ्या बुंदी जास्त टाकली. आपल्याकडं 'नको' म्हणजे 'लाज वाटते' असा अर्थ लावतात, हे मी विसरलो होतो. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर त्यानं हातावर बुंदी ठेवली अन् मागून आलेल्यानं त्या बुंदीवर वरण ओतलं. मी डॉक्टरचं नाव घेतलं. तर शेजारचे पाव्हणे म्हणाले, "एका दिवसानं काय होतंय हो, डॉक्टर काय पंगतीत बसलाय का?" अन् स्वतःच्या ताटातली जिलबी माझ्या ताटात ठेवली. तरी तो आग्रह परक्यांचा होता. दुसऱ्या दिवशी हुलग्याच्या कढणावर निभावून नेला असता.

पण त्याच आठवड्यात तुझा पहिला डबा आला.

आमच्या शाळेवरचे कल्याण मास्तर रोज परतूरहून येणं-जाणं करतात, त्यांच्या हाती तू धपाटे धाडलेस, वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या डब्यात तिळाच्या पोळ्या. तिसऱ्यात डिंकाचे लाडू, तूप बाहेर आलेलं. निरोप काय, तर 'दादाचे सांधे दुखत असतील'. माझे सांधे कधी दुखले गं? प्रियदर्शनी म्हणाली, शाळेतल्या पोरांत वाटून टाकू. तर तुझी वहिनी कंबरेला पदर खोचून उभी राहिली, म्हणाली, वन्संनी सुया टोचलेल्या हातानं भावासाठी केलेलं मी दुसऱ्याच्या तोंडात घालू? माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. अन् डबा रिकामा परत कसा धाडायचा, म्हणून त्यात काय भरावं ह्याची तिला येगळी चिंता; मोसंबी तुला चालत न्हाई, सुकामेवा चालत न्हाई, शेवटी तिनं मळ्यातला झेंडू भरून धाडला. मी मात्र खात राह्यलो. लाडू खाल्ला की तुझी आठवण येऊन डोळे भरायचे, अन् डोळे भरले की दुसरा लाडू घ्यावा वाटायचा. (लाडू दाजींनी वळलेत हे मी पहिल्याच घासाला ओळखलं. जन्म कापसाच्या बाजारात गेला, लाडूपण गाठोड्यासारखे बांधलेत.) काटा परत एकोणनव्वदवर गेला. मापाड्यानं मान खाली घातली. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं.

खरं काय ते मला कल्याण मास्तरांकडून कळलं. एक दिवस ते डबा हातात धरून नुसते उभे राह्यले, देईनात. मी म्हणलं, "काय झालं मास्तर, आज जड आहे का?" तर म्हणाले, "दादा, मी बाईंना तुमचा काटा वाढल्याचं सांगितलं. मला वाटलं बाई रडतील. तर बाईंनी देव्हाऱ्याकडं हात जोडले, म्हणाल्या बरं झालं." मंग त्यांनी विचारलं, बाई, हे काय? अन् तू त्यांना जे सांगितलंस ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "दादाला काही झालं तर मी वहिनीपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू? तिचा संसार कापून मी माझा शिवू का?"

मी शाळेच्या ओट्यावर बसलो. मास्तरांनी पाणी आणलं. मला वाटत होतं ताप मला बुंदीचा अन् लाडवांचा आहे, अन् इथं माझी बहीण, जिला बसल्या जागेवरून उठायला दाजींचा हात लागतो, ती चुलीजवळ बसून माझं वजन वाढवून राह्यली होती. उभ्या जन्मात तू मला एकदाही न्हाई म्हणाली न्हाईस. म्हणावं लागलं तर ते तुपात तळून धाडलंस.

सत्या, आता मी सरळ लिहितो. मला भीती वाटत न्हाई असं मी लिहिणार न्हाई. भूल दिली अन् जाग आलीच न्हाई तर, असा विचार मोसंबीला पाणी देताना येतो. पण डॉक्टरांना मी तोंडावर विचारलं, तर म्हणाले नीट तपासून घेतलेला माणूस एका किडनीवर आपलं आयुष्य काढतो, शेतसुद्धा करतो, फक्त काही दिवस जड उचलायचं न्हाई. जड उचलायला आपला पोरगा करण आहे. लेकरू तरी कशाला म्हणू, चांगला तिशीतला गडी आहे. पण आठवड्यात दोनदा तू त्या मशीनला जोडून पडतेस, दर वेळी बोटाएवढी बारीक होऊन उठतेस, अन् मी भेटायला आलो की पहिलं विचारतेस, दादा, जेवलास का. ते मला फार दिवस ऐकवणार न्हाई. माझ्याजवळ एक वस्तू जास्तीची आहे अन् तुला तिच्यावाचून अडलंय. ह्यात उपकार कुठं आला?

अन् एक गोष्ट मला बिलकुल पटली न्हाई. वहिनीचं उत्तर तू वहिनीला न विचारता ठरवलंस. तुला नको म्हणायचं असंल तर माझ्यासमोर बसून म्हण. मी ऐकून घेईन, भांडीन, परत विचारीन. पण लाडवाच्या मार्फत म्हणू नकोस. लाडवाशी मला वाद घालता येत न्हाई.

दाजींना सांग, डिंक जपून ठेवा, तू बरी झालीस की लागंल. लहानमोठ्यांना आशीर्वाद.

तुझा, पोट भरलेला पण मन न भरलेला,
दादा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राह्यली. मास्तरांनी मला हे सांगितलं त्या दिवसापासून तुझ्या डब्यातला एक घास माझ्या पोटात गेला न्हाई. तुझी वहिनी, जी शाळेतल्या पोरांना द्यायला तयार न्हव्हती, तिनंच डबा मास्तरांपुढं ठेवला अन् म्हणाली, खा, पण इथंच बसून. तेव्हापासून सगळे डबे मास्तरांनी खाल्ले. तू त्यांना दर बाजाराला विचारायचीस, काट्यावर किती आलं? मास्तर शिक्षक माणूस, आजारी बाईशी खोटं बोलणार न्हाईत. ते स्वतः काट्यावर चढायचे अन् आलेला आकडा तुला बराबर सांगायचे. कुणाचा, हे तू विचारलं न्हाईस. आता त्यांच्या घरून प्रियदर्शनीकडं धिरड्यांची चौकशी आली आहे.

ता. क. दुसरा, अन् खरा. माझा काटा एकोणऐंशी भरला. मापाड्यानं दोनदा केला, मंग दवाखान्याच्या काट्यावरही तेवढाच आला. येत्या मंगळवारी संभाजीनगरला किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीपुढं बसायचं आहे. तिथं प्रत्येकाला येगळं आत बोलावतात अन् विचारतात की राजीखुशीनं तयार आहात का, कुणाची जबरदस्ती तर न्हाई ना. मला विचारतील, तुला विचारतील, देणाऱ्याची बायको म्हणून तुझ्या वहिनीलाही विचारतील. तू तिथं हो म्हणावंस एवढीच विनंती. दाजींना घेऊन सकाळच्या गाडीनं ये, आम्ही बदनापूरला तुमच्याच डब्यात चढतो. खाली वहिनीला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणून जागा सोडली आहे.

वन्संना नमस्कार. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं. तुम्ही मला विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं न्हाई ह्याचा मला राग आला होता, म्हणून मीपण फोन केला न्हाई. आता राग न्हाई. मंगळवारी सगळ्यांचं जेवण मी आणते, तुमचं बिनमिठाचं येगळं. साहेब लोकांना सांगून ठेवलंय की आधी मला बोलवा. मी हो म्हणून बाहेर येते, मंग तुम्ही आत जा.
— गोपिका