रुक्मीचं माहेर कुठलं

३ मार्च, सोमवार
पोलीस पाटलानं अंगणात उभं राहून इचारलं, काकू, तुमच्या नातसुनेचं माहेर कुठलं? अख्ख्या उमापूरला ठाऊक हाय ते. लग्नात ह्यानंच तिसऱ्यांदा बुंदी मागून घेतली, तवा माहेर इचारलं न्हाई. चहा दिला तर नको म्हणला. हा माणूस चहा नको म्हणतो म्हणजे काईतरी वंगाळच असणार.
श्री. वर लिहायचं राहिलं, आता लिहिते.
म्हणतो, वरून सांगणं आलंय, बाहेरून आलेल्यांची चौकशी करा. माझ्या घरात बाहेरची एकच. नातवाला, बाळ्याला, पस्तिशी आली तरी इकडं कुणी पोरगी देईना. टेम्पोवाला नको, नोकरीवाला पाहिजे म्हणायचे. मग एका मध्यस्थानं ही रुक्मी बंगालकडची आणली. चार सालं झाली. चिमी झाली. घर धरून राहिली, उलटून बोलली न्हाई. आता माहेर कुठलं म्हणे.

५ मार्च, बुधवार
शेजारच्या पारूच्या टीव्हीवर दिवसभर तेच. परदेशातून आलेल्यांसाठी नवा कायदा येणार. कागद न्हाई त्याला धरणार, परत धाडणार. जीव वाचवून आसऱ्याला आलेत त्यांचं काय, यावर चार माणसं एकमेकांवर वरडली, कळलं काईच न्हाई. मला ऐकू जावं म्हणून पारू आवाज वाढवते.
बाळ्याला इचारलं. म्हणला, आजी, कायदा नुसता मांडायचाय, पास व्हायचाय अजून. म्हणलं, पास व्हायच्या आधी पोलीस पाटील अंगणात आला, पास झाल्यावर चुलीपाशी येईल. जेवला न्हाई. रुक्मीनं दोघांची ताटं झाकून ठेवली. तिनं समदं ऐकलं व्हतं.

७ मार्च, शुक्रवार
बाळ्या गेवराईला वकिलाकडं जाऊन आला. तिथं घोटाळा निघाला. रुक्मीजवळ तिकडचा एकच कागद, शाळेचा. त्यावर नाव शेफाली. लग्नात आपल्या रीतीनं ताटात तांदूळ पसरले, बाळ्यानं अंगठीनं रुक्मिणी लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं आधार, रेशन, समदं रुक्मिणीच्या नावानं. बापाचं नाव कुठंच न्हाई, नवऱ्याचंच. वकील म्हणतो, कागदावर ह्या दोन बाया हायत, एकच हाय हे कशानं दाखवणार? बाळ्यानं लग्नाचा फोटो दाखवला. फोटोत ताट दिसतं, नवं नाव दिसतं. जुनं नाव कोण फोटोत घेतं?
माझं बी बदललंच. माहेरी मी भागू. पण माझं माहेर चकलांबा, इथून हाकेवर. उद्या कुणी इचारलं तर भाऊ काठी टेकत येईल अन् सांगेल, ही आमची भागी, लहानपणापासून तोंडाची वाईट. हिच्यासाठी कोण येणार? मध्यस्थाचा फोन बंद. तिच्या मामाचा लागत न्हाई. आईबाप तर न्हाईतच.

९ मार्च, रविवार
बाळ्या भाडं घेऊन गेलता. गहू निवडायला रुक्मीला जवळ बसवलं अन् सरळ इचारलं, तुझं जन्माचं गाव सरहद्दीच्या अलीकडं का पलीकडं?
तिचे हात थांबले. म्हणली, "गाव नदीत गेलं, आजी. मी चिमीपेक्षा थोडी मोठी. मामानं होडीत बसवलं, मग उतरवलं. कोणता काठ ते कुणी सांगितलं न्हाई."
शाळेचा कागद मामाच्या गावचा, मुर्शिदाबादकडचा. ते अलीकडं, तेवढं पक्कं. त्याच्या आधीचं तिलाच ठाऊक न्हाई. इतकी सालं मी बी इचारलं न्हाई. पोरगी मिळाली, बास, असं झालतं आमचं.
ती रडली न्हाई. मी बी न्हाई. तिला सांगितलं, मला बोललीस तेवढं बास, बाळ्याला न्हाई. त्याच्या मनातलं तोंडावर दिसतं.
रात्री झोप न्हाई.

११ मार्च, मंगळवार
गेवराईच्या बाजारात रशीदभाईकडं पपई घेतली. जुना ओळखीचा. पारूनं बातमी तिथवर पोचवलीच व्हती. म्हणला, "काकू, आमी तर आजोबांच्या जमान्याचे कागद काढून ठेवलेत. तुमाला कधी लागतील असं वाटलं व्हतं का?" टोमणा व्हता का कळवळा, उमजलं न्हाई. मग म्हणला, तिला कुठं लपवू नका फक्त.
बाळ्याला नेमकं तेच सुचलंय. बहिणीकडं ठेवून येतो म्हणतो. म्हणलं, न केलेला गुन्हा कबूल करायला कशाला निघालास?
रुक्मी उंबऱ्याबाहेर पडत न्हाई. पाणी मी आणते. पारूनं चिमीला हाक मारली, ये गं बंगालणीचे. काल-परवापर्यंत रुक्मीच्याच हातची माशाची आमटी वाटी धरून न्यायची. म्हणलं, पारू, वाटी राहिलीय आमच्याकडं, घेऊन जा, आता भरून न्हाई मिळायची.

१३ मार्च, होळी
पुरण पातळ झालं, पोळ्या फाटल्या. रुक्मीची पोळी कधी फाटत न्हाई.
पोलीस पाटील आज मागच्या दारानं आला. हळू बोलला. परवा ठाण्यातून दोघं येणार, एकेकाला बाजूला घेऊन इचारणार. मी सांगितलं म्हणू नका, म्हणला. त्याच्या पोटात काय हाय देव जाणे, पण आला हे खरं. इचारलं, धरून नेतात का? म्हणला, सध्या तरी नुसती इचारपूस. सध्या तरी, म्हणला.
तवापासून बाळ्या तिच्याकडून पाठ करून घेतोय. जन्म कुठं? मुर्शिदाबाद. बापाचं नाव? सांगते. किती साली गाव सोडलं? इथं अडते अन् माझ्याकडं बघते. तिला खोटं बोलता येत न्हाई अन् खरं ठाऊक न्हाई. चिमी खेळता खेळता मुर्शिदाबाद मुर्शिदाबाद करायला लागली, तसा बाळ्यानं तिला धपाटा घातला. कधी हात लावला नव्हता पोरीला.

१४ मार्च, धुळवड
रंग लावायला कुणी आलं न्हाई.
बाळ्याचं पाठांतर बंद केलं. भीती मला बी हाय. पण माझं म्हातारीचं बोलणं कुठून कुठं गेलं तरी खपून जातं. तिचा एक शब्द इकडचा तिकडं झाला तर चिमीची आई जाईल.
तर असं. उद्या ते आले की बाळ्यानं खुर्च्या टाकायच्या अन् गप राहायचं. रुक्मीनं चिमीला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायचं, हलायचं न्हाई. बाजूला चल म्हणले तरी उठायचं न्हाई. तिला इचारलं तरी उत्तर मी देणार. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं न्हाई.