उजव्या पाकळीचा प्लग

लाटंबार्से, सोमवार

तीर्थस्वरूप जयरामदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा विठ्ठल याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात काळे आहेत, साबणाने निघत नाहीत, तेव्हा कागदावर डाग पडले तर ते प्रेमाचे समजावेत.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? इकडे आनंदी मजेत, मी मजेत, आणि जिच्यावर तुम्ही दोन रविवार खर्चून उपकार केलेत ती माझी स्कूटर अंगणात गोणपाटाखाली विश्रांती घेत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. गेल्या मंगळवारी फोनच केला होता. मी सांगायला लागलो आणि तुम्ही हसायला लागलात, ते हसणं काही थांबेना, शेवटी मीच फोन ठेवला. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं.

मुळात चूक माझी. मे महिन्यात तुम्ही फणस खायला आलात तेव्हा मी बोलून गेलो, की हल्ली चढणीवर स्कूटर दम टाकते. पायाशी माझी पेटी, मागे तबल्याला बाबली, त्याच्या मांडीवर तबला-डग्गा, एवढा संसार घेऊन ती म्हातारी कुठवर चढणार? चढण आली की बाबली उतरून चालत यायचा आणि माथ्यावर परत बसायचा. एकतीस वर्षं आम्ही देवळादेवळांतून असेच नाट्यसंगीत वाजवत फिरलो, बाबलीने कधी ब्र काढला नाही. पण तुयेच्या कारखान्यातल्या सुपरवायझरसाहेबांना ते बघवेना. तुम्ही सिलिंडर मोठा करून आणलात, मोठा पिस्टन बसवलात, हेड घासून घेतलंत, आणि जाताना सांगितलंत की इंजिन आता जास्त तापणार, म्हणून सातऐवजी आठ नंबरचा थंड स्पार्क प्लग घातलाय, तो बदलू नका.

थंड प्लग! आंबा उष्ण, काजू उष्ण, सोलकढी थंड, एवढंच माझं वैद्यक. आनंदीला वाटलं तो फ्रिजमध्ये ठेवायचा असतो. (तिने एक कप्पा रिकामाही केला होता.) मग तुम्ही उंडा पाव चहात बुडवत आम्हा अडाण्यांना समजावलंत, की नंबर जितका मोठा तितका प्लग थंड; हाताला दोन्ही प्लग सारखेच लागतात, पण थंड प्लग आलेली उष्णता झटकून टाकतो आणि गरम प्लग ती धरून बसतो. त्यावर आनंदी म्हणाली, म्हणजे दादा थंड आणि तुम्ही गरम. तुमच्या घराण्यात अशी वाक्यं फार पटकन सुचतात.

तर तुमचा हा थंड प्लग आठवड्यात तिसऱ्यांदा काजळला. डिचोलीच्या बाजारात स्कूटर बंद पडायची, मी रस्त्याकडेला उकिडवा बसून पॉलिश पेपरने प्लग घासायचो आणि येणारेजाणारे विचारायचे, "मास्तर, आज पेटी न्हय?" मला वाटू लागलं की तुमचा हिशेब चुकलाय, इंजिनाला थंडी बाधतेय. डिचोलीचा मेकॅनिक म्हणाला सातचा घाला. तुम्ही म्हणाला होतात आठच ठेवा. दोन जाणत्यांमध्ये मी एक अजाण. शेवटी बाबली म्हणाला, "मास्तर, देवाक विचारुया." आपल्याकडे शेताच्या बांधापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळं देवाला विचारतात, मग प्लगनेच काय घोडं मारलंय? देवाच्या अंगावर कौलाच्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर मोठा नंबर, डावी पडली तर लहान, असं ठरलं, आणि गाऱ्हाणं घालायला बाबलीच पुढे झाला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू इठ्ठल मास्तर तुका शरण इलो आसा. ह्येच्या इस्कुटराचो प्लग काळो पडता. ह्येका व्हडलो नंबर व्हयो काय धाकलो, ता उजवो-डावो करून दाखय रे म्हाराजा!" मागून चारजण "व्हय म्हाराजा" म्हणाले. (त्यांतल्या तिघांना प्लग म्हणजे भिंतीतला वाटत होता.) मी मनातून डावीकडे डोळे लावून बसलो होतो. पडली ती उजवी, आणि तीही अशी तडक, की तुम्ही देवाला आदल्या दिवशी फोन केला होता का, असं मला वाटून गेलं.

आता विचार करा. आठचा तर आत होताच आणि तो काळा पडत होता. मग मोठा म्हणजे देवाला नऊच म्हणायचं असणार! मी थेट डिचोलीला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, तुमच्या कंपनीचा नाही, दुसऱ्या कंपनीचा नऊ आहे, चलता? मी म्हटलं, चलता. देवाने नंबर सांगितला होता, कंपनी सांगितली नव्हती. आणि काय सांगू दादा, स्कूटर अशी पळायला लागली! दोन दिवसांनी प्लग काढून पाहिला तर काजळीचं नाव नाही, शंखासारखा पांढराशुभ्र. मी तो आनंदीला दाखवला, बाबलीला दाखवला, तुम्हाला फोटो पाठवणार होतो. पांढरा पडलेला प्लग म्हणजे आतून जळायला लागलेला प्लग, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरं ते चांगलं, अशी आपली शिकवण.

कालचा सोडून त्याआधीच्या रविवारी मयेला देवळाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता, दुपारी चारला. पहिल्या चढणीला बाबली सवयीने उतरू लागला, मी त्याला ऐटीत बस म्हटलं. अर्ध्या चढात इंजिनातून टकटक यायला लागली. बाबलीला ती केरव्याच्या ठेक्यासारखी वाटली आणि तो माझ्या पाठीवर बोटं वाजवू लागला. (पुढे लय वाढली तेव्हा त्याने खुशीने तिहाई घेतली.) मला वास आला म्हणून मी चावी फिरवली, तर स्कूटर चालूच. चावी काढून खिशात घातली, तरी चालूच! आत काहीतरी इतकं लाल झालं होतं की तिला ठिणगीची गरजच उरली नव्हती. मग फट् असा आवाज झाला आणि सगळं शांत. पिस्टनला वाटाण्याएवढं भोक. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हेड उघडलं आणि डोक्याला हात लावला, "मास्तर, ह्या कंपनीचो नंबर उरफाटो. हांगा जितलो व्हडलो, तितलो गरम!" देवाचं काही चुकलं नाही हो. त्याने तुम्ही बसवलेल्या प्लगच्या कंपनीच्या हिशेबाने उत्तर दिलं होतं. म्हणजे तोही तुमच्याच बाजूचा.

आम्ही मांडवाच्या खुर्च्या नेणाऱ्या टेम्पोत बसून पावणेसहाला मयेला पोचलो. कार्यक्रम चालू होता. माझ्या जागेवर साखळीचा प्रवीण बसला होता, कीबोर्ड घेऊन. तो वाईट वाजवतो असं लिहायला मी हा परिच्छेद सुरू केला होता. त्याने वाईट वाजवलं नाही. गाणाऱ्या बाईंचा स्वर चढला तसा तो बटण दाबून वर गेला आणि लोकांनी वन्समोर दिला. मी पेटी खांद्यावर घेऊन चपलांपाशी उभा होतो. एकालाही माझी आठवण आली नाही, दादा. फार लागलं ते. आता या शनिवारी संध्याकाळी पाचला तुमच्या पेडण्यात कार्यक्रम आहे आणि मंडळाने निरोप दिलाय की मास्तर वेळेवर आले तर ठीक, प्रवीणला सांगून ठेवलंय, आणि यंदा चुकलं तर पुढे त्यालाच बोलवू. तर हे सगळं तुमच्या त्या दोन रविवारांचं फळ आहे, एवढंच नम्रपणे कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक द्या. (उष्ण शेक. याबाबतीत तरी माझं ऐका.)

तुमचा,
विठ्ठल

ता. क. आनंदीने पत्र वाचलं आणि सांगितलं की हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. तुम्ही पेट्रोलच्या लिटरला तीस मिली ऑइल घालायला सांगितलं होतं. नवा पिस्टन, म्हातारी गाडी, म्हणून मी समईत तेल घालावं तसं हात न आखडता ओतत होतो. सत्तर तरी पडत असेल. आठचा प्लग काळा पडायचा तो त्याने. मेकॅनिकही हेच म्हणाला, पण त्याला तुम्ही ओळखत नाही, म्हणून मी ते वर लिहिलं नव्हतं.

ता. क. दुसरा. स्कूटर आता राहू दे. शनिवारी दुपारी तुमची गाडी घेऊन या आणि मला, पेटीला आणि बाबलीला पेडण्याला पोचवा. खरं तर पत्र यासाठीच होतं. आणि आलाच आहात तर पहिल्या रांगेत बसा. दुसऱ्या पदात बाई थांबतात आणि पेटीचा एक तुकडा येतो, तो संपला की जोरात वन्समोर म्हणा. यंत्रांच्या आवाजावर ओरडून तुमचा गळा तयार झालेला आहे, एकाने म्हटलं की बाकीचे म्हणतात.

ता. क. तिसरा. तुकडा जमला नाही तर मात्र गप्प बसा. मी लगेच तुमच्याकडे बघेन. तेव्हा हसू नका, एवढंच.