ग्लूटेनची हकालपट्टी

३ फेब्रुवारी, सकाळी ७
पोटदुखी, सहा किलो वजन घटलं. डॉक्टरीणबाईंनी गव्हातल्या ग्लूटेनसाठी रक्ततपासणी लिहून दिली. घाबरण्यासारखं काही नाही, असं तीनदा म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या असत्या तर मी घाबरले नसते. ताईचंही पोटापासूनच सुरू झालं होतं. तो विषय इथे लिहायचा नाही. लॅबची तारीख १६ मार्च.

४ फेब्रुवारी
आजपासून गहू, मैदा, पाव, बिस्किटं बंद. चाचणीला स्वच्छ होऊन जायचं. दात घासल्याशिवाय दातांच्या डॉक्टरकडे कोण जातं? हे म्हणाले, अगं, आधी बाईंना विचार तरी. प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्यांपैकी मी नाही.

६ फेब्रुवारी
शत्रू पाहून घेतला. कॉलेजात शिकले होते ते प्रत्यक्ष केलं. मूठभर कणीक भिजवून नळाखाली धुतली. पांढरं पाणी गेलं, तो स्टार्च. हातात चिवट, रबरी गोळा उरला, तो ग्लूटेन. पिठातली प्रथिनं पाणी लागताच एकमेकांना धरून जाळं विणतात, त्यात हवा कोंडते, म्हणून पाव फुगतो. प्रथिनं खा, असं मी धाकट्या जावेला वीस वर्षं बजावत आले! हे म्हणाले, बिचाऱ्याने काय केलंय? मी हात चार वेळा धुतले.

१५ फेब्रुवारी
सोया सॉसमध्येही गहू. बाटली शेजारणीला दिली. ह्यांनी विचारलं, तिच्याशी कधी बिनसलं?

१ मार्च
भात, बटाटे, अंडी. दुखणं कमी. भीती अजिबात नाही. आज पोट फक्त पाच वेळा दाबून पाहिलं.

१७ मार्च
रिपोर्ट नॉर्मल! शिस्तीपुढे रोग टिकत नाही. उद्या बाईंना सगळं सांगायचं. इतर पेशंटना उपयोगी पडेल.

१८ मार्च, दुपारी
सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो काकू, ग्लूटेन खाल्ल्यावर शरीर त्याच्यावर चवताळतं का, ते ही चाचणी बघते. तुम्ही चवताळायला काही ठेवलंच नाहीत. हा रिपोर्ट बाद. आता सहा आठवडे रोज दोन स्लाइस पाव खायचा, मग पुन्हा रक्त. मी विचारलं, तोवर आत काही वाढलं तर? त्या म्हणाल्या, असेल तर कळायला नको का? बाहेर बाकावर बसून पोट सात वेळा दाबून पाहिलं. बस चुकली.

१९ मार्च, सकाळी ८
पाव समोर. हे शेजारी बसून म्हणाले, खा, मी आहे. आधी टेबल पुसलं, धूळ होती म्हणून. अर्धी स्लाइस गेली. उरलेली दीड ह्यांनी खाल्ली. बाईंना दाखवायच्या वहीत दोन लिहिते.