अंगठे घरी, सामान पारावर

७ ऑक्टोबर, मंगळ.

मैंदर्गीच्या पुढच्या गावात दिवसभर. पाणी उतरून आठवडा झाला. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, सगळ्या घरांना सारखी. उद्या ताडपत्री आणि धान्य. वाटप पारावर. जाधव सरांचं म्हणणं, ट्रक तिथेच वळतो. ते आमच्या संस्थेच्या सोलापूर ऑफिसचे प्रमुख झाल्यापासून ट्रक कुठे वळतो यावर बरंच काही ठरतं.

पारावर बायका येत नाहीत. पारापुढून जायचंच असेल तर चपला काढून हातात घेतात, पदर पुढे ओढतात, भराभर जातात. पारावर देव नाही. सोसायटीचे चेअरमन आणि त्यांच्या वयाचे चौघे असतात.

मी मार्ग काढला. वहीत नाव बाईचं हवं, हा पुण्याच्या मुख्य ऑफिसचा नियम. तर अंगठे आजच घरोघरी घ्यायचे. सामान उद्या पारावरून घरचं कुणीही नेईल. बायकांना पारापर्यंत यायला नको. माझी सहकारी रेश्मा आणि मी, शाईचं पॅड घेऊन, चारपर्यंत सगळं गाव. रेश्मा: "मॅडम, तुमारा दिमाग है की कंप्यूटर है."

बरं वाटलं. लिहून ठेवते: बरं वाटलं.

पाचला निघालो. फील्डवरच्या बायकांनी पाचच्या आत गाव सोडायचं. आमच्या सुरक्षेसाठी.

८ ऑक्टो., बुध.

ट्रकच गावात पाचला पोचला. म्हणजे वाटपाला आमच्यातले फक्त पुरुष. मी ऑफिसात अहवाल लिहिला. लाभार्थी: सर्व महिला. पुण्याहून उत्तर, 'प्रेरणादायी'. जाधव सरांनी सगळ्यांना चहा सांगितला.

१४ ऑक्टो., मंगळ.

पडताळणी. सामान पोचलं का, वापरात आहे का, एवढंच बघायचं.

निंगव्वा. चाळिशीची. नवरा सहा वर्षं पुण्यात, दुसऱ्या बाईपाशी. ही दिराच्या अंगणात, वेगळी खोली, वेगळी चूल. खोलीचं छप्पर पुरात गेलं. त्या जागी जुनी साडी ताणलेली, टोकांना दगड बांधलेले.

"ताडपत्री कुठंय?"

"कुटली?"

"अंगठा दिलात ना तुम्ही."

"दिला की. तुमीच घेतला अक्का. सामान मागनं येतंय म्हणला. मी वाट बघायलेय."

दीर मल्लप्पा गोठ्यापाशी उभा होता. त्याच्या मागे कडब्याची गंज. गंजीवर आमची ताडपत्री. निळी, कोरी, कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह.

"घरातच आलंय की मॅडम. घर येकच हाय आमचं."

निंगव्वा कानडीत काहीतरी बोलली. तो हसला. मला कळलं नाही. रेश्माला कळलं, तिची आजी दुधनीची. पुढच्या घरी जाताना सांगितलं: "बोली, कडबे कू छत है, मेरे कू नै."

मग उरलेली घरं नीट तपासली. ज्या घरात आपला पुरुष नाही, तिथे काही पोचलं नाही. दिराने नेलं, सासऱ्याने नेलं, एकीच्या शेजाऱ्याने नेलं. एका विधवेने तर मलाच समजावलं: "जाऊ द्या ताई, तुमी तरी काय करनार." तिचं बोट मी माझ्या हाताने पॅडवर दाबलं होतं. आठवतंय. खरखरीत होतं, शाई धरत नव्हतं. दोनदा दाबलं.

१५ ऑक्टो., बुध.

जाधव सरांना सांगितलं. दार लावून ऐकलं त्यांनी.

"पोच झालेली आहे. परत दिलं तर दुबार वाटप होतं."

"त्यांना मिळालंच नाही."

"कागदावर मिळालंय. तुमच्याच कागदावर."

बरोबर बोलले.

निघताना म्हणाले, "मॅडम, तुमचा हेतू चांगला होता. कुणी तुम्हाला दोष देत नाहीये." हेतू निंगव्वाच्या खोलीवर अंथरता येत नाही. हे तेव्हा बोलले नाही. जिन्यात सुचलं.

१७ ऑक्टो., शुक्र.

लेखी दिलं. पुण्याला, प्रत जाधव सरांना. 'दि. ७ रोजी घेतलेले अंगठे सामान येण्याआधीचे आहेत. ते पोच धरू नयेत. माझा अहवाल चुकीचा आहे. ज्या बायकांना सामान मिळालं नाही त्यांची यादी सोबत.' आधी आणखी एक परिच्छेद होता. त्यात कारणं होती. काढला.

नवऱ्याने, सुहासने, नाश्त्याला वाचलं. "नोकरी सोडायचा हा नवा प्रकार आहे का?"

"नाही. राहायचा."

"बरं. शेंगाचटणी दे."

पाठवलं.

२१ ऑक्टो.

दिवाळी. पाहुणे. नणंद म्हणाली, तुमचं काम म्हणजे सगळं समाधानाचं. मी करंज्या वाढत राहिले. पुण्याहून उत्तर नाही.

२७ ऑक्टो., सोम.

ऑफिस सुरू. दुसरी फेरी गुरुवारी: चादरी आणि भांडी. जागा पुन्हा पार.

"सर, जागा बदलू."

"जागा ग्रामस्थ ठरवतात."

"ग्रामस्थ म्हणजे कोण?"

"मॅडम." एवढंच.

मागच्या वाटपात रेश्मा किंवा मी तिथे असतो तर निंगव्वाची ताडपत्री मल्लप्पाच्या हातात दिली नसती. नव्हतो, कारण पाच वाजले होते. पाचच्या नियमाचा कागद शोधला. फायलीत नाही. कुणी केला माहीत नाही. जाधव सरांच्या आधीच्या सरांच्याही आधीपासून आहे. पाचनंतर फील्डवर नेमकं काय होतं, विचारलं. "तसं काही नाही, पण." या 'पण'ला मी अकरा वर्षं पाळलं.

२८ ऑक्टो., मंगळ.

गावात, रेश्मासोबत. निंगव्वाच्या दारात सात-आठ जणी. विचारलं, पार नको तर कुठे? बऱ्याच जागा निघाल्या. शाळा: मास्तर चावी देणार नाही. देऊळ: बाहेर बसलेल्या बायांनी यायचं कसं. मग निंगव्वाच म्हणाली:

"गिरणीवर या की. दळनाला रोज आमीच जातो. तितं बाप्या मानूस उबा ऱ्हायला तर त्यालाच लाज वाटती."

बाकीच्या हसल्या. एक म्हातारी: "माजा म्हातारा येकदा गेल्ता दळन घिऊन. वर्षभर नाव ठिवलं लोकांनी."

गिरणी गावाच्या मागच्या अंगाला. पुढे मोकळी जागा आहे. मी पावलांनी मोजली. ट्रक वळतो.

३० ऑक्टो., गुरु.

आज जे केलं ते क्रमाने लिहिते. उद्या कुणी विचारलं तर शब्द बदलायला नकोत.

ट्रक अक्कलकोटहून निघतानाच मी ड्रायव्हरशेजारी बसले. गावाच्या फाट्यावर म्हणाले, डावीकडे. तो म्हणाला, साहेबांनी पार सांगितलाय. म्हणाले, वाटप माझ्या सहीवर आहे. तो डावीकडे वळला. "माझं नाव नका सांगू," म्हणाला. म्हणून इथेही लिहीत नाही.

रेश्माने गिरणीच्या पायरीवर टेबल लावलं. आधीचा अंगठा नाही. सामान हातात, मग अंगठा. नाव जिचं, हात तिचा.

अर्ध्या तासात चेअरमन आले. मोटरसायकलवर, मागे मल्लप्पा. चेअरमन सभ्य माणूस. आवाज चढवत नाहीत.

"मॅडम, पारावर मंडळी बसून हायत. चा टाकलाय तुमच्यासाठी. गावाची येक रीत हाय."

"बायकांनी पारावर येऊ नये ही ना? ती मोडत नाही आम्ही. म्हणून तर इकडे आलो."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. चेअरमननी तिकडे पाहिलं नाही. मल्लप्पा पुढे झाला. "निंगव्वाचं माज्याकडं द्या. जड हाय, तिला उचलायचं न्हाय." निंगव्वाने पातेल्यांचं बोचकं डोक्यावर घेतलं, चादरी काखेत, आणि त्याच्या बाजूने चालत गेली. परत आली, रांगेतल्या म्हातारीचं बोचकं उचललं, आणि पुन्हा गेली.

पाच वाजले. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं नाव वाचलं.

पावणेसातला संपलं. रेश्माच्या घरून चार फोन. शेवटचा मी घेतला, तिच्या अब्बांशी बोलले. ते म्हणाले, "तुम हैं ना साथ में, बस." नियमापेक्षा हे सोपं होतं.

ताडपत्री मात्र कडब्यावरच आहे.

४ नोव्हें., मंगळ.

नोटीस. तीन मुद्दे. एक, मुदतीनंतर महिला कर्मचाऱ्यासह फील्डवर थांबणे. दोन, ठरलेली जागा बदलून ग्रामस्थांत तेढ. तीन, अहवालात खोटी पोच. तिसरा मुद्दा माझ्याच पत्रातून उचललाय, शब्दशः. चेअरमनांची तक्रार जोडली आहे. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

महिनाअखेर करार संपतो. नवा करायचा की नाही ते चौकशीनंतर.

६ नोव्हें., गुरु.

जाधव सरांनी बोलावलं. बसायला सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे नोंदवायला हवं.

"तिसरा मुद्दा जड आहे. पहिले दोन मी सांभाळतो. तुम्ही फक्त ते पत्र मागे घ्या. गडबडीत लिहिलं म्हणा. अहवाल बरोबर ठरतो, खोटी पोच राहत नाही, करारही होतो."

"आणि निंगव्वाला ताडपत्री मिळाली, असं ठरतं."

"एका ताडपत्रीसाठी, मॅडम?"

"यादी मोठी आहे, सर. सोबत जोडली होती."

त्यांनी कागद पुढे सरकवला. टाइप करून तयार होता, माझं नाव खाली. मी वाचला. 'अनवधानाने' हा शब्द दोनदा. परत सरकवला.

बाहेर रेश्माला सगळं सांगितलं. ती लिमलेटची गोळी चघळत होती. "तो मैं बी लिखती. अंगूठे मैं बी ली ना." मी नको म्हणाले. तिचं लग्न ठरायचंय, नोकरी हवी. तिने ऐकलं नाही. दुपारी तिचंही पत्र गेलं. माझ्यापेक्षा छोटं, दोन ओळी. चांगलं.

१० नोव्हें., सोम.

चौकशीला पुण्याहून बाई येतेय. देशमुख मॅडम. संस्थेचं स्त्री-पुरुष समानतेचं धोरण त्यांनीच लिहिलंय. ऑफिसच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं आहे. उद्या गावात जाऊन थेट बायकांना विचारणार, सामान मिळालं का. मी आणि रेश्मा सोबत जायचं नाही, साक्षीवर दबाव नको म्हणून. ठीक आहे. सोबत जाधव सर. त्याला दबाव म्हणत नाहीत.

विचारलं, बायकांना कुठे भेटणार? मॅडम फोनवर म्हणाल्या, "गावात मध्यवर्ती ठिकाणी. चेअरमन सोय करतायत, पारावर खुर्च्या टाकतायत."

मी पार समजावून सांगितला. चपला, पदर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "मी बाई आहे, मी बसले की येतील त्या. बदल असाच होतो ना."

महिन्यापूर्वी मीही अशीच हुशार होते. हे त्यांना म्हटलं. मग म्हणाल्या, वेळापत्रक ठरलंय.

निंगव्वाला फोन केला, रेश्मा शेजारी बसून कानडीत बोलली. एवढंच सांगितलं: उद्या अकराला बाई येणार, पारावर बसणार, सामानाचं विचारणार. काय बोलायचं ते सांगितलं नाही. निंगव्वा म्हणाली, दिरानं सांगितलंय, मिळालं म्हनायचं. न्हाईतर खोली सोड. सरळ आवाजात सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

तिची खोली पणाला लागलीय. मी फक्त नोकरी घालवतेय.

११ नोव्हें., मंगळ.

ऑफिस. सव्वाअकरा. रेश्मा आणि मी समोरासमोर, दोघींपुढे बंद लॅपटॉप.

११.४०. जाधव सरांचा मेसेज: 'बायका येत नाहीयेत. मॅडम म्हणतायत अर्धा तास थांबू. मग कुणाचीही तक्रार नाही, असं लिहून निघू.'

उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं: 'न येणं म्हणजे तक्रार नसणं नव्हे. त्या कुठे आहेत ते बघा.' पाठवलं. निळ्या खुणा आल्या.

११.५५. निंगव्वाचा फोन. मागे गिरणीचा आवाज, नीट ऐकू येईना.

"अक्का, आमी हितं गिरणीवर हाय. समद्या."

"मॅडम पारावर आहेत, निंगव्वा."

"म्हायती हाय. चेरमननं दोनदा मानूस धाडला बोलवायला. आमी म्हनलं, बाईला विचारायचं आसंल तर बाईनं हितं यावं. चार पावलं तर हाय."

"मल्लप्पा?"

"हाय की. उबा हाय समोर. दळन न्हाय आनलं त्यानं."

पलीकडे बायका हसल्या. मग हसणं थांबलं.

"काय झालं?"

"गाडी सुरू झाली पारावरची." मग जरा वेळाने, "कुटं वळतीया त्ये दिसंना हितनं. थांबा. फोन ठिवू नका."

नाही ठेवला. रेश्मा उठून माझ्या बाजूला आली, स्पीकर लावला. गिरणी चालू होती. आम्ही दोघी गाडीचा आवाज जवळ येतो का ते ऐकत राहिलो.