म्हशीची धार

अमडापूर

शिवम बाळा,

तू इचारलं होतं, "आई, बाबाच्या हातासाठी येते ती शरयूताई डॉक्टर हाय का?" मी तिलेच इचारलं. ती म्हणे, "मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बारावीनंतर त्याचीच डिग्री केली. लकव्यानं सुटलेली रोजची कामं पुन्हा करायला शिकवते."

पह्यल्याच दिवशी तिनं बाबाले इचारलं, "तुम्हाला आधी काय करायचंय?"

बाबा म्हणे, "म्हशीचं दूध काढाचं."

मले हासू आलं, तिले नाही. मंग रोज ओलं फडकं पिळाले लावे, कणीक मळाले लावे.

आज बाबाच्या त्याच हातानं काढलेली धार बादलीत वाजली. मी पाहातच राह्यली.

हे पत्र आता टाकत नाही. बाबा म्हणतात, "मीच सांगतो त्याले," अन् त्याच हाताच्या बोटानं तुहा नंबर दाबून राह्यले.

तुही आई,
मनकर्णा