ब्रॅकनेलचा शेरीफ

१३ मार्च २००६, सोमवार
बेचैन. इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या, महाराष्ट्र मंडळाची निवडणूक २ एप्रिलला. अध्यक्षपदाला मी आणि सीमाताई. निवडणूक अधिकारीही मीच, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मी निःपक्षपाती आहेच.

१४ मार्च
ऑफिसात कामाच्या नावाखाली लेख वाचला. जुन्या अमेरिकेत म्हणे निवडणूक काउंटीचा शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, घ्यायचा. चिठ्ठ्या नाहीत. मतदाराने पुढे येऊन कोणाला मत ते नाव मोठ्याने सांगायचं, समोर बसलेल्या उमेदवाराने आभार मानायचे. मतदान कधी बंद करायचं ते शेरीफ ठरवणार. बरोबरी झाली तर काही ठिकाणी शेरीफचंच मत! आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. हेच करायचं. दुसरं पान उद्या.

१९ मार्च, रविवार
कमिटीने मान्य केलं. (समोसे आले होते, कोणी ऐकत नव्हतं.) घरी बायको, नीना, म्हणाली, अध्यक्ष झालास तर आपले उरलेसुरले रविवारही गेले. मी म्हटलं, उलट वेळच वेळ. ती भांडी घासायला उठली. म्हणजे पटलं.

२६ मार्च, रविवार
नीनाला विंडसरचा किल्ला बघायला न्यायचं होतं. बेसिंगस्टोकला मतदारांकडे गेलो. आजपासून उन्हाळी वेळ, घड्याळ एक तास पुढे करायचं विसरलो, सगळे बाहेर पडलेले. विंडसर पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी मतदान. मग त्यापुढच्या.

३० मार्च, पाडवा
दुसरं पान वाचलं. काही ठिकाणी शेरीफला स्वतः उभं राहायला बंदी होती. काही ठिकाणी. ब्रॅकनेल त्यात नाही.

२ एप्रिल, दुपारी, हॉलच्या किचनमधून
एका मताने पुढे! मित्र मुरलीधर म्हणतोय, पद्माकर, आत्ताच बंद कर. पण नीना पार्किंग शोधतेय. शेवट घरच्या मताने व्हावा. थांबलो.

२ एप्रिल, संध्याकाळी
नीना पुढे आली. बायका ओरडल्या, नाव घे, नाव घे! तिने घेतलं:
‘हीटरची ऊब, चहाचा घोट,
पद्माकररावांचं नाव घेते, सीमाताईंना माझं व्होट.’
हॉलभर टाळ्या. बरोबरी. म्हणजे माझं मत! स्वतःचं नाव सांगायला उठलो. नीना पर्स खांद्याला लावून दाराशी उभी, माझ्याकडे बघत. सीमाताई, असं म्हणालो. नियमाप्रमाणे त्यांनी उठून आभार मानले. मला फार वाईट वाटलं. मोठेपणा कोणाच्या लक्षात आला नसावा.

९ एप्रिल, रविवार
सकाळीच तयार. सँडविचेस केली, गाडीही पुसली. नीना खाली आली ती फाइल घेऊनच. सीमाताईंनी तिला सेक्रेटरी केलंय, आज पहिली मीटिंग.
विंडसर पुढच्या रविवारी नक्की, म्हणाली.